पाण्यातली गल्ली

उजनीच्या पाण्यावर पक्षी दाखवायला नेणारे एक नावाडी मामा आहेत. त्यांचं गाव याच धरणात गेलं. चहूकडे मोकळं पाणी, तरी मामा होडी सरळ नेतील तर शपथ! डावीकडे वळव, उजवीकडे वळव, आमचं डोकं गरगरतं.

"मामा, सरळ घ्या की! पक्षी उडतील!"

"लोकांच्या घरातनं जाऊ व्हय? गल्लीनंच जायचं."

परवा एका जागी ते ओरडले, "वाका! दार ठेंगणं हाय."

मी हसत सुटलो, पण वाकलो. मान वर केली तर मामांनी वल्हं ठेवून मांडी घातलेली, हातात थर्मास.

"आमचं घर. च्या घ्या."

तेवढ्यात समोरचा सगळा थवा उडाला. उडू दे! पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्यानं चहा टाकून पक्ष्यांमागं पळायचं म्हणजे काय!