नैवेद्याचा डबा

"वहिनी, नैवेद्य आज आमच्याकडून झालाय हो. हे आपण भैयाला देऊ या."

मंडळाच्या काकूंनी आईच्या हातातून डबा घेतला. उघडलासुद्धा नाही. लग्नाच्या हॉलमध्ये गणपती बसवला होता. त्या हॉलच्या दाराशी चौकीदार बसायचा. त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भैया, ये घर ले जाओ. बच्चों को खिलाना।"

आलमबागेतली गोष्ट. नव्वदच्या आसपासचं साल. मी शाळेत होते. लखनौमधल्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. गणपतीत रोज एका घराचा नैवेद्य. त्या दिवशी पाळी आमची होती. आई पहाटेपासून पुरण वाटत होती. नागपूरकडची पुरणपोळी, पुरणाने टम्म भरलेली. डबा गरम होता. एका बाजूने आईने धरला होता, एका बाजूने मी.

चौकीदाराने तिथेच झाकण काढलं, एक तुकडा तोंडात टाकला. म्हणाला, "वाह भाभीजी, बहुत बढ़िया।" आई त्याच्याकडे बघून हसली. ते हसू मला आजही बघवत नाही.

कारण आम्हाला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात काकू वर्गणीला घरी आल्या होत्या. आमच्या भिंतीवर बुद्ध होता. शेजारी निळ्या कोटातली तसबीर होती. काकूंची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली. समोरचा चहा गार झाला.

आता विचाराल, बौद्धाच्या घरच्या बाईला गणपतीचा नैवेद्य हवा कशाला? बाबांनीही हेच विचारलं. बाबा बँकेत होते, बदली होऊन इथे आलेले. त्या रात्री ते आईवर ओरडले, "ज्या देवांना सोडलं, त्यांच्या दारात कशाला गेलीस?"

आई म्हणाली, "देवासाठी नाही गेली जी. मराठी कानावर पडते म्हून गेली."

एवढंच. आईला मराठी हवी होती. भाजीवाला हिंदी, शेजारीण हिंदी. आणि आम्ही भावंडं? ती मराठीत विचारायची, आम्ही हिंदीत उत्तर द्यायचो. "जेवतं का?" "अभी नहीं, मम्मी।" तिच्या वाट्याला तिची भाषा वर्षातून दहा दिवस यायची. तीही गेली.

मग आई मिटत गेली. संध्याकाळी दिवा न लावता बसायची. डॉक्टर म्हणाले, "टेंशन लेती हैं।" झोपेच्या गोळ्या दिल्या. तेलीबागेत बौद्ध मंडळींची सभा भरायची, बाबा तिला तिकडे घेऊन जायचे. त्या बायका प्रेमाने जवळ बसवायच्या. पण त्यांचं बोलणं गावाकडच्या हिंदीतलं, आईच्या डोक्यावरून जायचं. एकीकडे भाषा आपली पण माणसं नाहीत, दुसरीकडे माणसं आपली पण भाषा नाही. आई मधल्या मध्ये राहिली.

मी मानसशास्त्रात एम. ए. करायला घेतलं ते आईमुळे. मला समजून घ्यायचं होतं. प्रबंधाला मार्गदर्शक बाई मिळाल्या त्या मराठीच, मूळच्या पुण्याच्या. विषय त्यांनीच दिला. परमुलखातल्या मराठी माणसांची ओळख, आपल्या समाजाचा आधार आणि मनाचं स्वास्थ्य. "तू मराठी आहेस. तुला घरं उघडतील," बाई म्हणाल्या. मी हुरळून गेले. घरोघर टेपरेकॉर्डर घेऊन फिरले. विकास नगरात काकूंकडेही गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. टेपसमोर म्हणाल्या, "इथे आम्ही सगळे एका कुटुंबासारखे. परकं असं कोणी नाहीच."

शेवटी आईला बसवलं. तिने ठेवणीतली साडी नेसली. आणि बोलली. डबा, काकू, चौकीदार, सगळं. इतकी वर्षं गप्प राहिलेली बाई दुपारभर बोलत होती. मध्येच थांबून विचारायची, "चालू आहे ना मशीन?" त्या रात्री ती गोळी न घेता झोपली.

बाईंनी ती टेप अर्धीच ऐकली. बटण दाबलं.

"हे काढून टाक. हा समाजाचा मुद्दा नाही गं, तुझ्या आईच्या स्वभावाचा आहे. थोडा संशयी दिसतो स्वभाव. इथे मराठी माणसात जातपात कोण पाळतं?"

मी म्हणाले, "बाई, त्या डब्याला धरून मीही उभी होते."

"मग तर काढायलाच हवं. तू तटस्थ नाहीस."

आयुष्यभर मान डोलावत आले होते. हो बाई, बरोबर बाई. त्या दिवशी मान हललीच नाही.

"मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तुम्ही पहिल्या रांगेत बसता. तुम्ही कशा तटस्थ, बाई?"

त्या लालबुंद झाल्या. म्हणाल्या, "दुसरा गाइड शोध." मी टेप उचलली आणि बाहेर पडले.

घरी आई वाट बघत होती. "ऐकलं का बाईनं? काय म्हणे?"

मी खरं ते सांगितलं. वाटलं, चिडेल. रडेल. ती घाबरली. माझा हात धरून म्हणाली, "काढून टाक माय ते. मंडळात कळलं तर? उद्या बोलावलंच त्याईनं, तर मी कोण्या तोंडानं जाऊ?"

इतक्या वर्षांनी. अजूनही. आईला त्या दाराकडून बोलावणं हवं होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

आईचं बोलणं मी प्रबंधातून काढलं. आईने सांगितलं म्हणून. बाईंनी सांगितलं म्हणून नाही. बोलणं तिचं होतं, ते परत घ्यायचा हक्कही तिचाच.

पण डबा दोघींनी धरला होता. त्याची एक कडी माझ्या हातात होती, तिची ऊब माझ्या बोटांना कळत होती. ते माझं आहे. ते मी माझ्या नावाने लिहिणार, पहिल्याच पानावर. गाइड मिळो न मिळो, पदवी मिळो न मिळो. आणि माझी आई संशयी होती, असं एक वाक्यही मी लिहिणार नाही.