सोड्याच्या पेटीवर बोललेला लाऊडस्पीकर

लाऊडस्पीकरची बॅटरी समजून मी सोडावॉटरच्या बाटल्यांची पेटी घेऊन गिरगाव चौपाटीवर गेलो होतो.

दोन्ही पेट्या लाकडी, दोन्हींवर गोणपाट, आणि उचलताना कंबरडं दोन्हींनी सारखंच मोडायचं. त्यामुळे ही चूक कुणाच्याही हातून झाली असती, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ते पटलेलं नाही.

या सदरात लोक लिहितात त्या सावल्या, ते पैंजणांचे आवाज... माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. ठाकूरद्वारला माझ्या मामाचं, म्हणजे नानाचं, लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं आणि मी तिथं कामाला. त्या धंद्यात माणसाचा भुतांवर विश्वास बसणं अवघड. रिकाम्या मांडवात कुणी कण्हल्यासारखं ऐकू आलं, की वायर सैल झाली असणार एवढंच आम्हाला सुचायचं. आणि वायर सैल झालेली असायचीच. म्हणून हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरगावात सारख्या सभा, आणि सभा म्हटली की नानाचे कर्णे. वक्ते यायच्या आधी माईकवर मीच असायचो — "हॅलो, हॅलो... मागच्यांना ऐकू येतंय का?" पोलीस लाठ्या सरसावून पुढे आले की गर्दी उधळायची, म्हातारीकोतारी पायाखाली यायची. त्यावर आमचा उपाय ठरलेला. माईकवरून ओरडायचं, "खाली बसा! कुणी जागा सोडू नका!" की अख्खी सभा मटकन खाली. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं, की घरात मांजर दुधाचं पातेलं लवंडून पळालं तरी मी "खाली बसा" म्हणायचो. भाषण कुणाचं झालं हे लोक विसरत, माझा आवाज मात्र ओळखत. त्याचा मला माज होता.

अशात एका थंडीत चौपाटीवर विमानांच्या कसरती ठरल्या. त्यात मुख्य आकर्षण म्हणजे महायुद्धात लढलेलं एक जुनं, एका पंख्याचं विमान. लाऊडस्पीकरचं काम आमच्याकडे. मी लगेच सुमनताईला सांगून टाकलं, "तुला सगळ्यांत पुढची जागा. खुर्ची टाकतो." सुमनताई माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते, आई नको म्हणत होती. मी म्हटलं, "अगं, मी आहे ना!"

ओहोटी होती. ओल्या टणक वाळूवर लोक पार पाण्याच्या कडेपर्यंत बसलेले, आणि त्यांच्याही पुढे, घडीच्या खुर्चीत, एकटी ताई. मी बांबूंवर कर्णे चढवले, वायरी ओढल्या, गोणपाट काढलं — आणि सोड्याच्या बाटल्या आपापल्या गोट्या वटारून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी गोणपाट परत टाकलं. ओळखीच्या एकाला सायकलवरून नानाकडे पिटाळलं आणि माईक हातात धरून, सगळं ठीक असल्यासारखा उभा राहिलो. कार्यक्रमाचे व्यवस्थापक, टायवाले साहेब, माझ्या बाजूलाच होते.

"रेडी ना?"

"मशीन गरम होतंय साहेब."

"केव्हाचं गरम होतंय ते!"

तेवढ्यात जुनं विमान आलं म्हणून मी वाचलो. समुद्रावर दोन गिरक्या छान झाल्या. तिसरीत इंजिन खोकलं, काळा धूर निघाला, आणि पंखा थांबला. उडणाऱ्या विमानाचा पंखा नुसता उभा दिसतो तेव्हा फार विचित्र वाटतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या... त्यांना वाटलं ही पण कसरतच.

विमान कलत कलत मरीन ड्राइव्हच्या अंगानं वळलं आणि सरळ वाळूच्या रेषेत आलं. मोकळी जागा म्हणावी तर तीच. आणि तिच्यावर माणसं. सगळ्यांच्या पुढे ताई.

मी काय केलं असेल? माईक तोंडाशी नेला आणि जीव खाऊन ओरडलो, "खाली बसा! कुणी जागा सोडू नका!"

टायवाल्या साहेबांनी माझा दंड धरला. "बसा काय? येडा झालास काय तू!"

पण समोर लोक उठत होते. सगळे, एकदम, आणि रस्त्याच्या दिशेनं पळत होते. दोघा कोळ्यांनी ताईला खुर्चीसकट उचललं आणि पालखी न्यावी तशी वर नेली. मागोमाग विमान पोटावर उतरलं. वाळू फाडत, करकरत, घसरत गेलं आणि एक पंख पाण्यात घालून थांबलं. खुर्ची जिथं होती तिथून नांगरल्यासारखा चर गेला होता.

कुणाला खरचटलंही नाही. वैमानिक स्वतःच्या पायांनी बाहेर आला, मटकन वाळूवर बसला आणि खुणेनं पाणी मागितलं. मी गोणपाट काढून त्याला सोडा फोडून दिला. साहेब त्या पेटीकडे बघतच राहिले.

त्याच वेळी नाना व्हिक्टोरिया घोडागाडीतून उतरला, खांद्यावर बॅटरीची पेटी. "गाढवा, ही काय दुकानात शोभेला ठेवलेली? मग आत्ता लावलंयस काय?"

इतक्यात लोकांनी मला खांद्यावर घेतलं. माझा आवाज ऐकून उठलो, असं प्रत्येक जण सांगत होता. आवाज कर्ण्यातून आला, स्वच्छ, जराही खरखर नाही — "उठा! रस्त्याकडे पळा! खुर्चीतल्या बाईला आधी उचला!" मी वरूनच ओरडत होतो, "अहो, मी असं बोललोच नाही! मी बसा म्हणालो!" लोकांना तो विनय वाटला. हार घातला. साहेब मात्र माझ्या बाजूनं होते, म्हणजे मी बसाच म्हणालो असं शपथेवर सांगायला तयार होते.

नानानं तिथंच मशीन उघडलं. थंडगार. वायरींची टोकं नुसती लोंबत होती. ती त्यानं दोनदा हातात घेऊन पाहिली. मग त्यानं सगळं आवरलं. पुढे त्याच संचावर आम्ही कितीतरी सभा केल्या. मी एकटा असताना बॅटरी काढून माईकसमोर ओरडूनही पाहिलं. काही नाही. शेजारी तेवढे चौकशीला आले.

आपण घाबरून भलतंच बोललो असू, असंही मी स्वतःला पटवून पाहिलं. पण मग साहेबांनी काय ऐकलं? आणि माणसाच्या नुसत्या ओरडण्याचा आवाज पाण्याच्या कडेपर्यंत, तेवढ्या गोंगाटात, पोचतो कसा? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.

ताईला मुलगी झाली. बारशाला जमलेल्या बायकांना ताई तोच किस्सा रंगवून सांगत होती. मी पाळण्याशी उभा होतो. राहवेना म्हणून विचारलं, "ताई, कर्ण्याचं तोंड तर थेट तुझ्याकडेच होतं. खरं सांग, तो मीच होतो का गं?"

ताईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आवाज तुझाच होता रे. पण अक्कल बघता तू नसणार."