विहिरीचा रकाना

जळकोटहून एसटी सुटली तेव्हा खिडकीखाली एकटी आई उभी होती. वडील आलेच नाहीत. रोजगार हमीच्या कामावर एक खाडा पडला तरी मुकादम नाव कापायचा. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्यांवरची नावं बदलली होती, पण आमच्या वस्तीवरचा आड काही त्यामुळे भरला नाही.

मी नांदेडला निघाले होते. कोर्सचं नाव ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट. हातापायानं अधू झालेल्या माणसाला पुन्हा आपली कामं आपण करायला शिकवायचं, हे आईला आठ दिवस समजावत होते. गाडी हलताना ती म्हणाली, "लोकांचे हात धराया चाललीस. ते धरू देतील का, ते बघ आधी."

मला तिचा राग आला. आम्ही बौद्ध, ते गावाला ठाऊक. पण दवाखान्यात कोण विचारणार, असं वाटत होतं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हे तुम्हा दोघांना सांगते आहे. तुम्ही भेटलात की 'जुनं सोड' म्हणता. मला सोडायचं नाही.

पहिल्या फील्डवर्कला आम्हा मुलींना एका दवाखान्यात पाठवलं. पहिले आठ दिवस भिंतीला टेकून नुसतं बघायचं आणि वहीत उतरवायचं. त्यानंतर सुपरवायझर बाईंसमोर पेशंटला हात लावायचा. माझ्या वाट्याला आली काशीबाई. अहमदपूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची सून. दुष्काळी कामावर खडी फोडताना उजव्या हातावर दगड पडला होता. हाड जुळलं होतं, पण बोटं आखडली होती. मी तेल लावून एकेक बोट वाकवायची. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती म्हणायची, "दाब गं ताई, दुखू दे. घरी पारू एकटी पाणी वढून राहिली."

पारू तिची लेक, चौथीतली. आईचा हात गेल्यापासून तिची शाळा बंद होती.

बाईंकडे भोकं पाडलेली लाकडी फळी होती. बारक्या खुंट्या उचलून भोकांत बसवायच्या. तिसऱ्या आठवड्यात काशीबाईनं सगळ्या खुंट्या बसवल्या आणि बाईंनी तिला घरी सोडायचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माझं अक्षर बरं होतं.

"जेवण, आंघोळ, कपडे. तिन्हीपुढे 'स्वावलंबी' लिही."

"बाई, तिला विहिरीतून पाणी ओढायचंय. दोर मुठीत राहत नाही तिच्या."

"फॉर्मवर विहिरीचा रकाना आहे का?"

नव्हता.

"मग? तू शिकाऊ आहेस. सांगितलं ते लिही. कॉट रिकामी व्हायला हवी."

मी लिहिलं. तीनदा, सुवाच्य अक्षरात. बाईंचा राग येतोच, पण त्या अक्षराचा जास्त येतो.

रविवारी घरी जाताना मी मधेच फाट्यावर उतरले आणि काशीबाईच्या गावात गेले. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक पट्टा करून नेला होता. तो मनगटाला आणि तळहाताला आवळून बांधला की त्यात दोर दाबून धरता येतो. डावा हात पुढं सरकेपर्यंत उजव्यानं दोर अडवून ठेवायचा. विहिरीवर पारू होती. दोर ओढताना ती अख्खी मागं रेलायची. काशीबाई शेजारी घागर घेऊन उभी होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आगं ताई, तू? हितं कशी?"

मी दोराकडे हात नेला, तेवढ्यात काठावर बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी विचारलं, "कुण्या गावची गं तू? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"दोराला हात लावू न्हाई. काय सांगायचं ते तिथूनच सांग."

मी काशीबाईकडे बघितलं. तीन आठवडे जिचं एकेक बोट मी उलगडलं होतं, ती आता घागरीत बघत होती.

परत फिरले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण पारूचे तळवे लालबुंद झाले होते. मी पट्टा काशीबाईकडे फेकला, दहा पावलं मागं सरले आणि तिथून ओरडून शिकवायला लागले. "आवळून बांध! डावा पुढं! आता उजव्यानं दाब, सोडू नको!" तीन वेळा बादली धपकन खाली गेली. चौथ्यांदा काठावर आली. पारू हसत सुटली.

काशीबाई तांब्या घेऊन आली. "पी गं ताई, उन्हाची आलीस." आणि वरून ओतायला तिनं तांब्या उंच धरला. मी ओंजळ केली नाही. फाट्यापर्यंत तशीच चालत गेले, घशाला कोरड पडलेली.

सोमवारी बाईंना म्हटलं, "मी खोटं लिहिलं. यापुढे बघितल्याशिवाय 'स्वावलंबी' लिहिणार नाही."

"पेशंटच्या घरी जायला तुला कुणी सांगितलं होतं?"

शेरा पडला, 'सूचना पाळत नाही'. मी नापास. सगळं फील्डवर्क पुन्हा करावं लागलं. महिन्यानं काशीबाई तपासणीला आली. समोर बसली आणि हात पुढं केला. "पारू शाळंत जाऊन राहिली," एवढंच बोलली. विहिरीचं तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. तेल घेऊन बोटं वाकवत बसले. राग तसाच होता आणि बोटं सुटत होती.

आता पुण्यात आहे. रिहॅब सेंटरमध्ये शिकाऊ मुलींना फील्डवर्क मीच देते. असेसमेंट टॅबवर असतं. खाली एक मोकळी जागा भांडून घातली आहे, 'घरी गेल्यावर काय करायचंय?' मुली ती रिकामी सोडतात आणि मी फॉर्म परत पाठवते. मी कडक आहे म्हणतात. म्हणू देत. आमच्या सोसायटीतही आडनाव विचारतात, फक्त 'अहो' लावून.

गेल्या वर्षी आईला लकवा झाला. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची, पण पुण्याला यायला तयार होईना. मी दोन महिन्यांची रजा काढून गावी गेले. तिला विचारलं, "आई, काय जमायला पाहिजे तुला?"

"लुगडं. दुसऱ्यानं नेसवलेल्या लुगड्यात मी विहारात जाणार न्हाई."

दोन महिने आम्ही दोघी निऱ्यांशी झगडलो. चिडलो, रडलो, एकमेकींना बोललो. "माझाबी फॉर्म भरून राहिलीस का?" ती ओरडायची. "इतका राग बरा न्हाई गं, पोरी." मी म्हणायची, "त्याच्यावरच चाललंय माझं. धर, काठ सोडू नको."

एका पौर्णिमेला सकाळी ती आतल्या खोलीतून बाहेर आली. निऱ्या वाकड्या होत्या, पदर खांद्यावर होता. मी काठी द्यायला उठले, तर तिनं ती आधीच घेतली होती. उंबरा ओलांडून ती पाय ओढत विहाराच्या वाटेला लागली. माझ्यासाठी थांबलीसुद्धा नाही.

वळून एवढंच म्हणाली, "दाराला कुलूप घाल, अन् किल्ली तुझ्यापाशीच ठिव."