भावजींचा जपानी कारभार

या, जरा पुढं सरकून बसा. तिकडे दाराशी बसलात तर मला मोठ्यानं बोलावं लागेल, आणि ही हकिकत मोठ्यानं सांगायची नाही, खालच्या मजल्यावर ऐकू जाते. आणि मी तोंड उघडायच्या आत हसू नका बघू. माणूस माझा सख्खा दीर आहे, त्याला हसायचा पहिला मान माझा. तर ऐका. साऱ्या जपान देशात एकच मूल काय ते धडपणे वाढतंय, आणि ते वाढवतायत आमचे भावजी, इथं दिल्लीत मयूर विहारच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सोफ्यावर बसून.

भावजी म्हणजे आमच्या यजमानांचे धाकटे भाऊ. एका मंत्रालयात चौतीस वर्षं फायली हलवून निवृत्त झाले. 'हलवून' म्हटलेलं त्यांना आवडत नाही, 'निकालात काढून' म्हणावं लागतं. एकुलती एक लेक लग्न करून जपानला गेली, टोकियोपासून तासाभरावरच्या कुठल्याशा गावात राहते. ती आणि जावई, दोघंही नोकरीवाले. त्यांचा मुलगा मिहिर आता पाच वर्षांचा होईल. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी भावजींना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी साडेतीन तास पुढं लावलं आणि हॉलमध्ये आधीच्या घड्याळाशेजारी टांगलं. तेव्हापासून त्या घरात दोन वेळा नांदतात. एकदा गॅस सिलिंडरवाल्यानं आत येऊन नेमकं चुकीचं घड्याळ पाहिलं आणि 'सॉरी अंकल, बहुत लेट हो गया' म्हणून हात जोडले. भावजींनी त्याची चूक दाखवली नाही. मिहिरच्या गावात संध्याकाळी पाचला भोंग्यावर एक सूर वाजतो, पोरांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून. तो तिकडे वाजला की इकडे दुपारी दीडला भावजी आमटीचा भुरका अर्ध्यावर ठेवून म्हणतात, 'मुलं घरी निघाली असतील.' जाऊबाईंना हे इतकं अंगवळणी पडलंय की दीड वाजता त्या तिन्हीसांजेचा दिवा तेवढा लावत नाहीत, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा आहेत, नातवाची आठवण येणारच. आठवण वेगळी आणि कारभार वेगळा. मिहिर ज्या पाळणाघरात जातो तिथं एक वही असते. तिला तिकडच्या भाषेत लांबलचक नाव आहे, भावजी तिला 'दैनिक अहवाल' म्हणतात. सकाळी आईनं लिहायचं, मूल रात्री काय जेवलं, किती वाजता झोपलं, अंगाचा ताप किती, शी झाली का आणि झाली तर कशी. संध्याकाळी बाईंनी लिहायचं, दिवसभरात त्यानं काय केलं, काय खाल्लं, कोणाशी भांडला. मुलाच्या शीची लेखी नोंद ठेवणारा देश पाहून भावजींचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "वहिनी, चौतीस वर्षांत इतकी स्वच्छ फाइल माझ्या टेबलावर आली नाही."

झालं, त्या दिवसापासून लेकीनं रोज त्या पानाचा फोटो पाठवायचा, खाली मराठीत अर्थ लिहायचा, आणि भावजींनी तो आपल्या वहीत उतरवून समोर लाल पेनानं शेरा मारायचा. त्या वह्या मी पाहिल्यात. 'दुपारची झोप चाळीस मिनिटे. अपुरी. कारण कळवावे.' 'वाटाणे ताटात परत ठेवल्याचे दिसते. पुनरावृत्ती होऊ नये.' ती पोर बिचारी पहाटे उठून डबा करते, मुलाला सायकलवर पुढं बसवून पाळणाघरात सोडते, तशीच स्टेशन गाठते, आणि दुपारी ऑफिसात चहा पिताना बापाला वाटाण्यांचा जबाब देते. तिकडे मुलाच्या प्रत्येक वस्तूवर नाव घालावं लागतं, मोज्यांवर, रुमालावर, अगदी रंगीत खडूच्या एकेका कांडीवर. ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, बाबा, चोवीस खडूंवर नाव लिहिता लिहिता मान गेली. भावजी प्रसन्न झाले. सरकारी मालावर नंबर हा हवाच, म्हणाले.

थंडीत तर कहर केला. त्या गावात लहान पोरांना हिवाळ्यातही अर्ध्या चड्डीत हिंडवतात, गुडघे उघडे, म्हणे काटक होतात. इकडे दिल्लीची जानेवारी, भावजी हीटरच्या पुढ्यात, मफलर, दोन स्वेटर, पायांत जाऊबाईंचे मोजे, आणि फोनवर समोर ते उघडे गुडघे. त्यांचा पहिला निष्कर्ष असा की जावयाची नोकरी गेली. तसं नाही हे कळल्यावर स्वतः सरोजिनी नगरला गेले, सात दुकानं पालथी घातली, एक माकडटोपी घेतली आणि तिकडे शिकायला निघालेल्या कोणाच्या तरी मुलाच्या गळ्यात मारून रवाना केली. लेकीनं नाइलाजानं तीवरही नाव शिवलं. आठ दिवसांनी वहीत बाईंनी लिहिलं की टोपीत मिहिरला ऐकू येत नाही, आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांना तसलीच टोपी हवी आहे. भावजींनी पहिलं वाक्य उतरवलंच नाही. दुसऱ्याखाली लाल रेघ दोनदा ओढली आणि वही घेऊन वर आमच्याकडे दाखवायला आले.

भाषेचं ज्ञानही असंच. बाई मिहिरला 'मिहिरु-कुन' म्हणतात, मुलग्यांना तसं म्हणायची तिकडे रीत आहे. भावजींनी लेकीला लेखी विचारलं की हे कुन कोण, आणि आपल्या मुलाच्या नावात कोणाच्या परवानगीनं शिरले. जपानी लोक 'हो'ला 'हाय' म्हणतात हे कळल्यावर मात्र त्यांनी त्या लोकांना माफ केलं. आमचं मूळ साताऱ्याकडचं, तिकडे शेतावर सगळे 'हाय'च म्हणतात. "आपलीच माणसं आहेत वहिनी, जरा लांब गेली इतकंच."

मिहिर तिकडे साडेसहाला जेवायला बसतो, म्हणजे आपल्याकडे तीन. सारं मयूर विहार त्या वेळी पंखा लावून आडवं झालेलं असतं, आणि भावजी इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसतात. वीस मिनिटं. दिवसभरात ते बाकी काय करतात ते विचारू नका, ही वीस मिनिटं सोडली तर त्यांचा दिवस म्हणजे वाट बघणं. लेक फोन टेबलावर टेकवून ठेवते, पोरगा चमच्यानं भात खातो, आणि हे त्याला सूचना देतात. सरळ बस. चावून खा. पाणी मध्ये पिऊ नको. आणि दर दोन मिनिटांनी, "मिहिर, बकाबका खाऊ नकोस रे."

आता यात वाईट काय आहे सांगा. आपण सगळे ह्याच वाक्यावर मोठे झालो. भावजींनाही त्यांच्या आईनं असंच सांगितलं असणार, कारण अजून ते खातात तसेच.

एके दिवशी मिहिर फोनवर आला नाही. झोप आली होती, लेक म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी टेबलावर नुसती खुर्ची दिसली आणि खुर्चीच्या मागून दोन उघडे गुडघे. आठवडा असा गेला. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, वीस मिनिटं लेकीशी हवापाण्याचं बोलायचे आणि उठायचे. शेरे आखूड होत गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की वहीचं एक पान गहाळ आहे, सोमवार आहे, बुधवार आहे, मंगळवार नाही. फायलीतलं पान काढलेलं त्यांच्यापासून लपत नाही. दोन दिवस मागे लागले तेव्हा लेकीनं ते पाठवलं, आणि अर्थ लिहून न पाठवता फोन करून सांगितला.

तिकडच्या भाषेत 'बका' म्हणजे मूर्ख. पाळणाघरात कोणी कोणाला म्हटलं तर बाई रागवतात, माफी मागायला लावतात. आणि बाईंनी त्या मंगळवारी लिहिलं होतं की आज मिहिर जेवताना रडला. विचारल्यावर म्हणाला, दिल्लीचे आजोबा मला रोज जेवताना मूर्ख-मूर्ख म्हणतात, मी नीट खातो तरी म्हणतात.

भावजींचं तोंड तेव्हा मी पाहिलं नाही, जाऊबाईंनी पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या की ते बराच वेळ लाल पेनाचं टोपण लावत होते आणि काढत होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाच्या गोपनीय अहवालात एक प्रतिकूल शेरा नाही, त्याच्यावर असा शेरा आला, तोही त्यांच्या सगळ्यात आवडत्या फायलीत. तुम्हाला हसू येतंय ना? मलाही आलं होतं. जिना उतरून खाली गेले तेव्हा थांबलं.

सरकारी माणूस अशा वेळी काय करतो? खुलासा लिहितो. दोन दिवस खपून त्यांनी पाच मुद्द्यांचा खुलासा तयार केला. 'सदर शब्द मराठीत केवळ खाण्याच्या पद्धतीविषयी वापरला जातो, खाणाऱ्या व्यक्तीविषयी नव्हे.' लेकीनं त्याचं जपानी करून बाईंना द्यावं आणि एक प्रत मिहिरला. मला मोठ्यानं वाचून दाखवला, मुद्देसूद होता. जाऊबाई आतून लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "त्याला वाचता कुठं येतंय अजून, यार."

जाऊबाई एरवी नवऱ्याला यार म्हणत नाहीत. पस्तीस-चाळीस वर्षं दिल्लीत काढल्यावर रागाच्या भरात निघून जातं. भावजींनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तीनला मी कोथिंबीर वड्या द्यायला म्हणून खाली गेले, म्हणजे बघायलाच गेले, खोटं कशाला बोलू. फोन लागलेला होता. लेकीनं मुलाला कसंबसं खुर्चीवर बसवलं होतं, पण तो आडवं तोंड करून भिंतीकडे बघत होता. भावजींनी एक सूचना दिली नाही. समोर ताट मागवलं, वरणभात, वर तूप. दीडलाच त्यांचं जेवण झालेलं, साखर आहे, भात जाऊबाई वाटीनं मोजून देतात. त्यांनी बाह्या सारल्या आणि त्या भातावर तुटून पडले. गाल फुगले, वरण कोपरापर्यंत आलं, शीत नाकाला लागलं, इस्त्रीच्या शर्टावर तुपाचा थेंब पडला. भरल्या तोंडानं म्हणाले, "मिहिर, बघ. हे बकाबका."

मग तोंड पुसलं, एकच शीत चिमटीत धरलं, म्हातारीसारखं चावत राहिले. "आणि हे सावकाश. आजोबांना येत नाही, म्हणून तुला सांगत होते."

पोराची मान एवढीशी वळली. एक डोळा इकडे आला. मग तो काहीतरी बोलला, आणि मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, तो म्हणतोय, पुन्हा."

भावजींनी पुन्हा केलं. पुन्हा, आणि पुन्हा. ज्या जाऊबाई त्यांना चमचाभर भातासाठी तासभर ऐकवतात, त्या पातेलं घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि मुकाट्यानं वाढत होत्या. चौथ्या वेळी मिहिरनं स्वतःचा चमचा टाकून दिला, वाडग्यात तोंड खुपसलं आणि वर बघून खिदळला. रात्री भावजींची साखर किती आली ते मी सांगत नाही, डॉक्टरांनाही आम्ही कमीच सांगितली.

दुसऱ्या दिवशीच्या पानावर बाईंनी लिहिलं होतं की मिहिरनं जेवणाच्या वेळी सगळ्यांना भारतातली खाण्याची पद्धत दाखवली, पाच मुलांनी ती उचलली, तरी घरी समज द्यावी. भावजींनी पान उतरवलं. शेऱ्याची जागा कोरी सोडली.

आता मिहिर त्यांना बका आजोबा म्हणतो. त्याचा जपानीत काय अर्थ होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणी दुरुस्त करत नाही. मी बोलू नये, पण माझा नातू इथं नोएडाला राहतो, मेट्रोनं अर्धा तास. त्याला 'बकाबका' म्हटलं तर तो विचारतो, आजी, मतलब? मग मी 'ठूँस ठूँस के' म्हणते. महिन्यातून एकदा येतो, तोही फोन घेऊन. त्या जपानच्या पोराला मराठी शब्द मोजून पन्नास येत असतील, दर महिन्याला त्यातले दोन-चार गळतात, पण हा एक त्याच्या तोंडी पक्का बसलाय.

परवा तीनला मी तिथंच होते. भावजी सूचना देईनासे झालेत, नुसते त्याचं जेवण बघत बसतात. मिहिर दीड वर्षाचा असताना एकदाच दिल्लीला आला होता, त्यातलं त्याला काही आठवत नाही. लेकीची सुट्टी जमत नाही, जाऊबाईंचे गुडघे विमानाला राजी नाहीत, आणि भावजी एकटे जाणार नाहीत. त्यांनी अगदी सहज विचारलं, "मिहिर, तू आमच्याकडे कधी येणार?"

पोरगा भात चावत होता, सावकाश. पुढं होणाऱ्या कुठल्याही गोष्टीला त्याच्याकडे मराठीत एकच शब्द आहे. म्हणाला, "उद्या."

ज्या माणसानं आयुष्यभर तारखेशिवाय कागद पुढं जाऊ दिला नाही, त्यानं तारीख विचारली नाही. "बरं," म्हणाले. फोन बंद झाल्यावर जाऊबाईंनी पलंगाखालची मिहिरची छोटी गादी काढून गॅलरीत उन्हात टाकली. रोज टाकतात, आणि संध्याकाळी आत घेतात.

गादी ऊनऊन आहे, कोणी झोपत नाही तिच्यावर. तो येईतोवर तुम्ही तरी पुन्हा या लवकर. येताना भूक ठेवून या, म्हणजे मी जेवायला वाढेन आणि भावजी समोर बसून बघतील.