पहारीचा आवाज

लढाईच्या दिवसांत मी तालुक्याच्या कचेरीत लेव्हीचा कारकून होतो. शेतकऱ्यांनी सरकारात ज्वारी घालायची, आणि ज्यांनी ती जमिनीतल्या पेवात दडवली असेल त्यांचं पेव आम्ही शोधायचं. मी अंगणात पहार आपटायचो. आवाज घुमला की खाली पेव. कचेरीत माझ्या कानाची एवढी ख्याती, की साहेब मला सोडून फिरतीवर निघत नसत. सकाळी चावडीवर मी सांगायचो, "दडवलेलं धान्य म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडचा घास!" आणि गंमत म्हणजे, ते मला मनापासून पटलेलं होतं.

एकदा फिरती नेमकी पलूसजवळच्या माझ्या सासुरवाडीला आली. सासऱ्यांच्या गोठ्यात पहार आपटली, तर नगारा वाजावा तसा आवाज. सासरे बैलाच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत राहिले.

"काय हो, इथं?" साहेबांनी विचारलं.

"घट्ट आहे, साहेब. खाली कातळ."

साहेबांनी भुवई उचलली. आता इमान दाखवायलाच हवं म्हणून शेजारच्या अंगणात मी दुप्पट जोरानं पहार हाणली. ते घर एका म्हातारीचं. मुलगा पलटणीत. मघाशीच तिनं मला गूळ-पाणी दिलेलं, कारण एका घरचा जावई तो साऱ्या गावचा.

"पोकळ!" मी ओरडलो.

पेवात जेमतेम दोन पोती निघाली.

"ती बियाची हाय," म्हातारी म्हणाली. गाडीवर पोती चढली तेव्हा ती जवळ आली. "आवं जावईबापू, तुमचा कान घरागणिक बदलतुया व्हय?"

गाडीवान फिसकन हसला. साहेबांनी ऐकलं नाही, किंवा न ऐकल्यासारखं केलं. दुपारी सासूबाईंनी वाढलेल्या अडीच भाकरी मी खाल्ल्या. लाज वाटत होती, पण भूक काही कमी झाली नव्हती.

पेरणीच्या तोंडावर सासऱ्यांनी बोलावून घेतलं. गोठ्यातल्या पेवातलं बी त्यांनी पोत्यात भरून ठेवलं होतं. "तिच्या दारात तुमीच न्हेऊन ठेवा. तोंडानं काय बोलू नका."

"कचेरीत साहेबांचं निकडीचं काम आहे," मी म्हणालो. त्या दिवशी रविवार होता.

सासऱ्यांनी पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. मी दाराआड उभा राहून, ते तिच्या अंगणातून रिकामे परत येईपर्यंत वाट बघितली आणि मग स्टेशनाकडे निघालो.