बिस्किटांच्या डब्यातलं पिस्तूल

मंडळी, आजचा प्रकार कुणाला तरी सांगायलाच हवा, म्हणून लिहितोय.

इथे कुवेतमध्ये, रिग्गई भागातल्या आमच्या कुरिअरच्या काउंटरवर आज एक कुवेती आजी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आपली माणसं गावी कपड्यांत अत्तराच्या बाटल्या लपवून पाठवतात, त्यामुळे मला प्रत्येक पार्सल कानाशी धरून हलवायची सवय. हाही हलवला. आत काहीतरी जड आपटलं.

"नवऱ्याचं पिस्तूल आहे," आजी मोडक्या हिंदीत म्हणाल्या. नवरा वारला, मुलं परदेशात. सरकारने घरातली शस्त्रं जमा करायला सांगितलीत, म्हणून त्यांना ते पोलिसांकडे पाठवायचं होतं.

"आत गोळी आहे का?"

"मला काय माहीत, बेटा?"

मी डबा अलगद खाली ठेवला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले, "पार्सलने कसलं पाठवताय? वाटेत कुणाचा जीव गेला असता! आम्हाला कळवलं असतं तर घरी येऊन नेलं असतं."

मी हे आजींना सांगितलं.

"घरी येतात?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग डबा परत दे. मी जाऊन चहा ठेवते."

आता खोलीवर येऊन मीही चहा ठेवलाय, एकट्यापुरता.

तुमच्याकडे शेवटचं कोण आलं होतं चहाला?