टोलेडोतली असरची नमाज

रियाधला माघारी येऊन तीन आठवडे झाले, तरी एक शंका सुटत नाही. त्या दिवशीची माझी नमाज कबूल झाली असेल का? तिथल्या ओलाया भागातल्या टॉवरांच्या गच्च्यांवर एसीची कामं करण्यात माझी बावीस वर्षं गेली. असरला, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजला, तिथेच मशीनच्या आडोशाला चटई टाकायची आणि उतरत्या उन्हाकडे तोंड करायचं. मक्का रियाधच्या पश्चिमेला आणि आमच्या रत्नागिरीच्याही पश्चिमेला. किब्ला, म्हणजे नमाजला तोंड करायची काबाची दिशा, शोधावी लागते, हे मी विसरूनच गेलो होतो.

माझी लेक माद्रिदला इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेते. आमच्या मोहल्ल्यातून इतक्या दूर शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी, आणि हे सांगताना माझा आवाज चढतो तो मी मुद्दाम खाली आणत नाही. तिला भेटायला गेलो तेव्हा एक दिवस तिने मला टोलेडोला नेलं. टेकडीवरचं जुनं शहर, भोवती नदीचा वेढा, दगडी गल्ल्यांत जत्रेसारखी गर्दी. तिकीटवाल्याशी ती स्पॅनिशमध्ये फडाफडा बोलली, तेव्हा कुणी ऐकतंय का हे मी आजूबाजूला पाहून घेतलं.

सकाळी मी साखरेची गोळी घेतली होती. गोळी घेतली की जेवायचंच, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण जिथे जावं तिथे डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. "तू खा, मला भूक नाही," मी म्हटलं. "शुअर, अब्बा?" तिने दोनदा विचारलं. हलाल कुठे मिळेल याची चौकशी लेकीला करायला लावणं मला कमीपणाचं वाटलं. बापाचा ताठा, दुसरं काय.

दुपार कलल्यावर ती एका जुन्या चर्चच्या रांगेत उभी राहिली आणि मी नमाजसाठी शेजारच्या सुन्या गल्लीत शिरलो. किब्ला दाखवणारा माझा फोन फोटोंसाठी तिच्याकडेच होता. तोंडावर ऊन आलं तसं घरच्यासारखं वाटलं. तिकडेच तोंड करून रुमाल अंथरला. जमिनीला कपाळ टेकून सजद्यात गेलो आणि हातपाय थरथरू लागले. घाम फुटला, उठता येईना. साखर उतरली, हे कळलं. लेक शोधत येईल आणि बाप गल्लीत मरून पडलेला सापडेल, एवढंच डोळ्यांपुढे आलं. "या अल्लाह, माझ्या पोरीला हे दाखवू नकोस," मी म्हटलं. जीव वाचव असं मागायचंही सुचलं नाही.

माझ्या पाठीमागे एक दार करकरलं. एक म्हातारी बाई बाहेर आली आणि काहीतरी विचारू लागली. मला इंग्रजीचा एक शब्द आठवेना. "साखर," मी म्हटलं. तिला कळेना. मग रियाधच्या चहावाल्याला रोज सांगायचा अरबी शब्द आपसूक तोंडातून निघाला, "सुक्कर."

"असूकार?" असं म्हणत ती आत पळाली. पेलाभर साखरपाणी आणलं आणि माझी मान धरून स्वतःच्या हाताने पाजलं.

लेक धावत आली तेव्हा मी त्या दाराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. तिने म्हातारीचे हात डोळ्यांना लावले आणि मग रडत माझ्यावर चिडली. "अब्बा, मला सांगायचं ना! आय कॅन आस्क एनीवन हिअर." खाली अंथरलेल्या रुमालाकडे तिचं लक्ष गेलं. जरा घुटमळून ती म्हणाली, "अब्बा, इथे किब्ला ईस्टला आहे." आणि तिने म्हातारीच्या दाराकडे बोट दाखवलं.

मी काबाकडे पाठ करून बसलो होतो, आणि ती बाई त्याच बाजूने आली होती. याचा अर्थ लावायला मी मौलवी नाही. फक्त अंगावर काटा आला आणि आतून अल्लाहचे आभार निघाले. ज्याच्याकडे मी पाठ केली होती, त्याने माझ्याकडे केली नव्हती. पहिली नमाज कबूल झाली का, ते त्यालाच ठाऊक.

लेकीने चौकशी करून आणलेलं हलाल जेवण मी मुकाट्याने जेवलो. मग नमाज पुन्हा पढलो. लहानपणी तिला पुढ्यात उभी करून मीच नमाज शिकवली होती. त्या दिवशी तिने माझे खांदे धरून मला वळवलं, आणि मी वळलो.